शून्याची नोंद



मुलामुलींनो, तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी कुणी तांडेल आहे, कुणी खलाशी, कुणाची आई बाजारात मासळी घेऊन बसते. मासा कुठे लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. मासा लागो न लागो, ठरल्या जागीच जाळं टाकणाऱ्या जहाजांबद्दल मला बोलायचं आहे.

मुंबईत १९४६ साली खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी एक केंद्र निघालं. आजची भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था त्यातूनच उभी राहिली. तिच्या सर्वेक्षण जहाजांवर जाळं ठरलेला वेळ, ठरलेल्या वेगानंच ओढायचं. वर आलेला मासा जातवार निवडायचा, मोजायचा, तोलायचा. काहींच्या डोक्यातून कानाचा इवलासा खडा काढायचा. त्यावरच्या वलयांवरून वयाचा अंदाज येतो. जाळं रिकामं आलं तर शून्य लिहायचं आणि पुढच्या जागी निघायचं.

या शून्याचं मोल कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला फार महागात कळलं. १९८०च्या दशकात तिथल्या मोठ्या ट्रॉलरना कॉड मासा भरपूर मिळत होता, कारण उरलासुरला मासा जिथे गोळा व्हायचा तिथेच ते जायचे. सर्वेक्षणाचे आकडे कमी येत होते. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमारही कळवळून सांगत होते. पण भरवसा ठेवला गेला तो भरलेल्या जाळ्यांवर. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी घातलेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. त्या घरांचा विचार मनात आला की मला आजही वाईट वाटतं.

आपल्या अरबी समुद्रात नुसतं शून्य लिहूनही भागत नाही. पावसाळ्यात खोलातलं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर असतो, त्यामुळे खाली हवा पोचत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजमाप केलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो. अशा वेळी रिकामं जाळं आलं, तर मासा घटला की गुदमरून दुसरीकडे गेला? पाणी मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून जाळ्याबरोबर तापमान, खारेपणा आणि ऑक्सिजन मोजणारी यंत्रंही पाण्यात सोडतात.

या कामाला जीवशास्त्र लागतं, गणित तर लागतंच. पण जाळं तळाला नीट बसलं की नाही, हे दोराच्या ताणावरून ओळखणारी माणसंही लागतात, आणि ती तुमच्याच घरांतून येतात. ज्यांना हे काम करावंसं वाटतं, त्यांनी हा बक्षीस समारंभ झाला की मला भेटावं. मुलींनी तर जरूर भेटावं.