ट्राय करते म्हणजे काय करते?



सातारा-सांगलीकडच्या गटांच्या बैठकीत हल्ली एक शब्द फार ऐकू येतो. "पुढच्या महिन्यात हप्ता भरशील ना?" "ट्राय करते ताई." "मेळाव्यात पापडाचा स्टॉल लावशील?" "बघू, ट्राय करते." कधी हा होकार असतो, कधी गोड बोलून दिलेला नकार. म्हणून आज आम्ही हा शब्दच निवडायला घेतलाय.

निवडायला म्हटलं, ते मुद्दाम. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. तिथे 'त्रिए' म्हणजे निवडणं, चांगलं-वाईट वेगळं करणं. फ्रेंचमध्ये आजही तोच अर्थ आहे. आपण सुपात शाळू घेऊन खडे काढतो, तासगावकडे बाया शेडवर बेदाणा निवडतात, तसंच. निवडण्यावरून पुढे पारखणं हा अर्थ आला. कोर्टात खरं-खोटं पारखतात, ती ट्रायल. शिवलेला ब्लाउज घालून बघतो, तीही ट्रायलच. प्रयत्न करणं हा अर्थ त्याच्या मागून आला.

आपल्या माण तालुक्यातलंच उदाहरण घ्या. म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत महिलांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अर्जावर अंगठे होते. बायकांनी काय केलं? काय येतं आणि काय येत नाही, ते निवडलं. अक्षर येत नव्हतं, ते शिकायला बसल्या. व्याजाचा हिशेब तोंडी येत होता. पुन्हा गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तेव्हा गटात कुणी 'ट्राय करते' म्हणाली, तर तिला टोचून बोलू नका. शेजारी बसून विचारा, यातलं काय जमतंय आणि काय अडतंय? हप्ता पाचशेचा असेल आणि हातात तीनशेच असतील, तर दोनशे कुठं अडले? दुधाचं बिल थकलंय, की घरात आजारपण निघालंय? ते वहीत लिहून ठेवा. अडचण नेमकी कळली, तर गटाला हात देता येतो. नुसतं 'बघू' म्हटलं, तर तिचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं.

येत्या बैठकीत एवढं करून बघा, आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.