शिक्का मारणारे सभागृह



आम्ही साच्यावर उभे राहणारी माणसं. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण आमच्या मंडळीत एक सवाल नेहमी निघतो : हुकूमशहाच्या मुठीत सगळी सत्ता असते, तर तो कायदेमंडळ ठेवतो कशाला? टाळं का ठोकत नाही?

जबाब जर्मनीत सापडतो. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर पंतप्रधान झाला. त्याने राईशस्टाग, म्हणजे तिथली लोकसभा, मोडली नाही. तिच्याच हातून तिचा गळा आवळला. २३ मार्चला बर्लिनच्या क्रोल नाट्यगृहात बैठक भरली. आत-बाहेर हिटलरच्या गणवेशातल्या टोळ्यांचा पहारा. कम्युनिस्टांचे ८१ सभासद निवडून आले होते. त्यातल्या एकालाही बसू दिले नाही. कायदा आला : सरकारने सभागृहाला न विचारता कायदे करावेत. ४४४ मते 'हो'ची पडली. 'नाही' म्हणाले ९४, सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांचे पुढारी ओटो वेल्स त्या पहाऱ्यात उभे राहून विरोधात बोलले.

त्यानंतर दिवस मोजा, बरोबर चाळीस. १ मेला कामगारांना भरपगारी सुट्टी, मिरवणुका, झेंडे. आणि २ मेला युनियनच्या कचेऱ्यांवर धाड! पुढारी पकडले, फंड जप्त. जुलैत नवा पक्ष काढणे हाच गुन्हा ठरला.

सभागृह मात्र १९४२ पर्यंत अधूनमधून भरत राहिले. भाषण ऐकायचे, मान डोलवायची, गाणे म्हणून घरी जायचे. १९३५ साली ज्यूंचे नागरिक म्हणून हक्क काढून घेणारा कायदा याच सभागृहाने केला. १९३७ साली हिटलरच्या अधिकाराची मुदत सरत आली, तीही यानेच वाढवून दिली.

म्हणजे त्याला सभागृह लागत होते ते शिक्क्यापुरते. मालकाने जॉबरची माणसं कमिटीवर बसवावी, पगारकपातीच्या कागदावर त्यांचे अंगठे घ्यावे आणि म्हणावे, बघा, कामगारांनीच कबूल केले! तोच हा प्रकार.

आमच्यातले काही जण म्हणतात, राजकारण आपल्याला कशाला? आपण बोनस मागावा. बाबांनो, तिथे आधी सभागृहाचे तोंड बंद झाले, मग कारखान्याचे. सभागृहाची किंमत खुर्च्यांवर ठरत नाही. तिथे 'नाही' म्हणणारा माणूस सुखरूप घरी पोहोचतो का, यावर ठरते. त्याच्यामागे बाहेर आपण उभे असलो, तरच तो पोहोचेल.