दोन हिरवे दिवे

मी सॉफ्टवेअरवाला, पत्रकार नाही. पण आजचा विषय मला नीट कळला तो कामावरच्या एका फजितीमुळे. एका रात्री आमची सिस्टीम बंद पडलेली, आणि माझ्यासमोरचे दोन्ही डॅशबोर्ड हिरवे. मी म्हटलं, दोन ठिकाणी ठीक दिसतंय म्हणजे ठीकच असणार, आणि झोपलो. सकाळी कळलं, दोन्ही डॅशबोर्ड एकाच ठिकाणाहून तेच शिळे आकडे उचलत होते.

इराक युद्धाआधी अमेरिकेत असंच काहीसं झालं. तिथं मात्र पणाला माणसांचे जीव होते.

तारीख ८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली की इराक खास अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवायला बघतोय, आणि त्या अणुबॉम्बसाठी आहेत. माहिती कोणाची? नाव न सांगता बोलणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी याच बातमीचा हवाला दिला. म्हणजे सरकारनं पेपरला सांगितलं, आणि मग पेपर दाखवून देशाला सांगितलं. लोकांना वाटलं, दोघं सांगतायत. बोलणारं एकच होतं.

बरं, शंका घेणारे नव्हते का? होते ना! अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते की या नळ्या साध्या रॉकेटसाठी असाव्यात. नाइट रिडर या वृत्तसंस्थेचे वॉरेन स्ट्रोबेल आणि जोनाथन लँडे मंत्र्यांना सोडून खालच्या फळीतल्या, प्रत्यक्ष काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारत होते. त्यांच्या बातम्या वेगळं सांगत होत्या. पण त्यांच्याच समूहातल्या काही पेपरांनी त्या छापल्या नाहीत. वॉशिंग्टन पोस्टमध्ये वॉल्टर पिंकस यांची पुराव्यांवर शंका घेणारी बातमी १६ मार्च २००३ ला आली, तीही १७ व्या पानावर. चारच दिवसांनी, २० मार्चला, बॉम्ब पडायला लागले.

ती अस्त्रं काही सापडली नाहीत. २६ मे २००४ ला टाइम्सनं कबूल केलं की आपण पुरेसं खोदून विचारलं नाही. तोवर युद्धाला वर्ष उलटून गेलं होतं.

मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. कुठल्याही देशात, कुठल्याही सरकारच्या काळात, युद्धाचं वारं वाहायला लागलं आणि चॅनलवर ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ सुरू झालं, की किती जण तेच म्हणतायत हे मोजत बसू नका. ती माहिती पहिल्यांदा कुणाकडून आली, ते शोधा. सगळे धागे एकाच टेबलाकडे जात असतील, तर दहा चॅनल मिळूनही साक्षीदार एकच.

त्या रात्री मी एवढं तपासलं असतं तर बरं झालं असतं. माझं नुकसान सकाळी भरून निघालं. इराकमधल्या घरांचं ते कधीच भरून निघालं नाही.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.