मामांची मान आणि १६० जणांची नोंद

आजचा भाग जरा घरचा आहे.

आमचे मामा जिंतूरजवळ शेती करतात. काही महिन्यांपासून त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना, चालताना तोल जायला लागला. एमआरआय झाला. मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून सरकलाय, मज्जारज्जू दाबला जातोय, ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी हातच जोडले. "मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस कायमचा खाटेवर. त्या अमक्याचं पाहिलं ना?"

आता बघा, हा 'अमका' म्हणजे एकच केस. त्याचा मणका कोणता, आजार कोणता, दवाखान्यात किती उशिरा नेलं, कुणालाच माहीत नाही. तरी अख्खं गाव त्याच्यावरून निर्णय घेतं.

मग मी वाचायला बसलो. या आजारावर जगभर वापरलं जाणारं एक तंत्र आपल्या मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात घडलंय. डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या पट्टीनं जोडायची पद्धत काढली. जागा किती अवघड? आतल्या बाजूला मज्जारज्जू, शेजारून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी. १९९४ मध्ये त्यांनी ३० रुग्णांचा अनुभव छापला. २००१ मध्ये जर्मनीच्या युर्गन हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून दाखवली. २००२ मध्ये केईएमचा १६० रुग्णांचा अहवाल आला.

१६० म्हणजे हमी नाही, बरं का. पण तिथं प्रत्येकाचा आजार लिहिलेला असतो, पुढं काय झालं तेही. आणि ते कळतं कशामुळं? ऑपरेशननंतर माणसं पुन्हा दाखवायला येतात म्हणून. आपण काय करतो? टाके निघाले की पेरणी आठवते, गाडीभाडं आठवतं, अन् फाईल ट्रंकेत जाते.

मी मामांना "करा" म्हणालो नाही. एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले: असे किती रुग्ण तुम्ही केलेत? त्यांचं पुढं काय झालं? आणि नाही केलं तर माझं काय होईल?

मामांनी अजून होकार दिलेला नाही. पण काल मामीचा फोन आला, "अरे, परभणीहून देवगिरीचं तिकीट काढून दे. दोघांचं. तो कागद त्यांनी खिशात ठेवलाय."

तुमच्या घरातही असा एखादा 'अमका' असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.