आधी किलो, मग रुपये

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी किराण्याची यादी होते, आणि बहुतेक घरांत तिच्या जोडीला एक आकडा ठरलेला असतो. वाण्याचं बिल आठ हजार, नाहीतर दहा हजार, त्याच्या वर जायचं नाही. भाव चढले तरी हा आकडा पाळला की बजेट सांभाळलं, असं आपण धरून चालतो. मला हे पुरेसं वाटत नाही. भाव वाढत असताना रुपयांचा आकडा तोच ठेवला, तर कुठली तरी वस्तू कमी येणारच. आणि ती कुठली, हे आपण ठरवलेलं नसतं. म्हणून घराचं अन्नाचं अंदाजपत्रक आधी किलोत आणि लिटरमध्ये मांडावं आणि रुपये त्याच्या मागून यावेत, असं मी आज सुचवणार आहे. ऐकायला हे उलटं वाटेल, कारण खिशात रुपये असतात, किलो नसतात. पण शरीराला किलोच लागतात.

महागाईचे आकडे वर्तमानपत्रात येतात तेव्हा घराघरांत एकच तक्रार ऐकू येते. महागाई उतरली म्हणतात, मग आमचं बिल का उतरत नाही? या तक्रारीत तथ्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नाच्या महागाईचा दर १०.८७ टक्के होता. पुढच्या ऑक्टोबरात तो उणे ५.०२ टक्क्यांवर आला. बातमी आनंदाची खरी, पण हिशेब करून पाहू. २०२३ च्या ऑक्टोबरात १०० रुपयांना मिळणारं अन्न वर्षाने सुमारे १११ रुपयांना झालं आणि त्यापुढच्या वर्षी १०५ रुपयांवर उतरलं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मानाने ते पाच टक्के महागच राहिलं. दर उतरतो तेव्हा आधी चढलेला भाव सगळाच्या सगळा खाली येतो असं नाही. आणखी एक गोष्ट त्या सरासरीत झाकली गेली. त्या वर्षात भाज्या आणि डाळी बऱ्याच उतरल्या, तेल मात्र चढलं. ज्या घरात नुसती बेरीज पाहिली जाते, तिथे डाळ स्वस्त झाल्याचं कळतसुद्धा नाही, कारण वाचलेले पैसे तेलाने परस्पर खाल्लेले असतात. डाळ जास्त आणायची हीच वेळ होती, आणि ती हातची गेली.

आता काटछाट कुठे होते ते पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता आणि त्यातला ३९.६८ टक्के अन्नावर गेला. चौघांच्या घरासाठी हा अन्नखर्च सुमारे ११,१०० रुपये होतो. त्यात सगळ्यात मोठा वाटा कशाचा? धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. पेयं, बाहेरचं खाणं आणि तयार खाद्यपदार्थ या एका गटावर एकूण खर्चाचा ११.०९ टक्के हिस्सा जातो. चौघांमागे हे महिना ३,१०० रुपयांच्या आसपास होतात, म्हणजे अन्नावरच्या दर चार रुपयांतल्या एका रुपयाहून अधिक. डाळींचा वाटा मात्र एकूण खर्चाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. भाव चढले की आपण डाळीची आमटी पातळ करतो, दुधाची एक पिशवी कमी करतो, पालेभाजीच्या दोन जुड्यांऐवजी एक घेतो. बिस्किटांचा पुडा आणि फरसाणाची पिशवी त्यांच्या जागी राहतात, कारण एकेका खेपेला त्यांची किंमत डोळ्यांत भरत नाही. पुड्याची किंमत पाच किंवा दहा रुपयेच राहते, आतलं वजन तेवढं घटत जातं. वजनाकडे न पाहणाऱ्याला ही भाववाढ दिसणारच नाही.

मग किलोचा हिशेब कसा मांडायचा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं माप दिलं आहे. मुलांना कमी लागेल, अंगमेहनत करणाऱ्याला जास्त. पण चौघांची सरासरी म्हणून हे माप चालतं. महिन्याचा गुणाकार केला की धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलोच्या थोडी वर, दूध ३६ लिटर आणि तेल सव्वातीन किलो, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. अंडी-मासे-मटण खाणाऱ्या घरात डाळीच्या मापातला काही भाग त्यांतून भरून निघतो. ही यादी आपल्या वाण्याच्या बिलाशेजारी ठेवून पाहावी. दहा किलो डाळ आणणारी घरं मोजकीच निघतील, आणि साडेतीन लिटर तेलात भागवणारीही. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला १९.७ किलो दिला आहे. चौघांमागे तो महिन्याला साडेसहा किलोंच्या वर जातो, म्हणजे सांगितलेल्या मापाच्या दुप्पट. यात हॉटेलातलं, फरसाणातलं तेलही आलं, हे खरं. पण ते तेलही आपल्याच पोटात जातं आणि त्याचे पैसेही आपणच देतो.

इथे कुणी म्हणेल, दहा किलो डाळ आणि ३६ लिटर दूध कुठल्या पैशांनी आणायचं? डाळ किलोला १२० रुपये आणि दूध लिटरला ६० रुपये धरलं, तर दोन्ही मिळून सुमारे ३,४०० रुपये होतात. शहरातलं सरासरी घर बाहेरच्या आणि तयार खाण्यावर जे ३,१०० खर्च करतं, त्याच्या जवळपासच हा आकडा येतो. आणि डाळ-दुधावर आजही काही पैसे जातातच, त्यामुळे नव्याने लागणारी रक्कम याहून बरीच कमी. म्हणजे सरासरी शहरी घरात पैसा आहे, तो दुसऱ्या रकान्यात आहे. यावर लगेच पुढचा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पहाटे कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडून रात्री घरी पोचणाऱ्या माणसाचा वडापाव ही काही चैन नाही, दुपारच्या जेवणाची ती सोय आहे. एका खोलीत चौघंजण राहून मेस लावणाऱ्या मुलांनाही स्वयंपाकघर नाही. त्यांच्या खर्चाला मी हात लावायला सांगत नाही. पण त्या ३,१०० मध्ये घरी चहाबरोबर बसून खाल्लेला, भूक नसताना उघडलेला पुडाही आहे. कुठला खर्च पोटासाठीचा आणि कुठला सवयीचा, हे वजन लिहिल्याशिवाय वेगळं काढता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, नूडल्स, फरसाण यांच्यावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला आहे. सुट्या डाळीला आणि सुट्या धान्याला मुळातच कर नव्हता, त्यामुळे तिथे उतरायलाही काही नव्हतं. म्हणजे या घडीला किमतींचा ओढा पुड्याच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच यादी जास्त डोळसपणे करायला हवी.

किलोत विचार केला की हंगामही यादीत येतो. नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते, हरभरा त्याच्या मागून, शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चात, गहू मार्च-एप्रिलात, उन्हाळ कांदाही मार्चपासूनच. वर्षाला किती लागणार हे ज्या घराला ठाऊक असतं, तेच घर आवक असताना खरेदी करू शकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची, तिखट-मसाला करायची रीत होती, ती याच हिशेबावर उभी होती. डाळ-धान्याला ऊन दाखवायचं, गव्हाला एरंडेल लावायचं, कडुनिंबाचा पाला घालून डबे बंद करायचे, हे ज्ञान अजून पुसलं गेलेलं नाही. पण एवढी रक्कम एकदम काढायची कुठून आणि एवढं ठेवायचं कुठे? रोजंदारीवरचं घर वीस रुपयांचं तेल पिशवीत बांधून नेतं, तेव्हा ते लिटरमागे सगळ्यात चढा भाव देत असतं, आणि हे त्या घराला पक्कं माहीत असतं. हातात त्या दिवशी तेवढेच पैसे असतात. अशा घराला घाऊक खरेदीचा उपदेश करणं निर्दयपणाचं आहे.

या अडचणीवर एकट्या घरापाशी उत्तर नाही. चार-सहा घरांनी मिळून ते शोधता येतं, आणि महाराष्ट्राने ते शोधलेलंही आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, सगळ्यांची मिळून घाऊक खरेदी व्हायची आणि माल गटापर्यंत पोचायचा, ही तिची वाटपाची पद्धत. तिचा पाया महिन्याची मागणी आधी वजनात लिहिण्यावर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक घराने आपली गरज लिहिली तरच गटाची बेरीज होते. हेच एका मजल्यावरची पाच घरं करू शकतात, एखादा बचत गट करू शकतो, भिशीचा एक हप्ता एप्रिलच्या खरेदीला जोडता येतो. पाच घरांत वाटलेलं तुरीचं पोतं लहान खोलीतही मावतं. पाकीटबंद माल घेणाऱ्यांना पाकिटावरच्या एका ओळीचा उपयोग होईल. कमाल किमतीजवळ आता ग्रॅममागे, किलोमागे किंवा लिटरमागे भाव छापलेला असतो, तो वाचावा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या पिशवीत ८५० किंवा ८०० ग्रॅमच असतं तेव्हा खरा फरक त्या ओळीतच कळतो.

यात एक धोका आहे. वजनाची वही ठेवायचं काम घरातल्या बाईच्याच गळ्यात पडेल. बाजारहाट, स्वयंपाक, डबे आणि वर हा हिशेब. तसं झालं तर ही पद्धत टिकणार नाही आणि टिकूही नये. महिन्याला डाळ किती लागते हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगता आलं पाहिजे. मुलांनाही आकडे द्यावेत, चौथी-पाचवीच्या मुलाला हा गुणाकार सहज येतो. भाव चढल्यावर कुणी आपल्या ताटातलं गुपचूप कमी करत असेल तर तेही मग घराला कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी जेवणाऱ्या बाईला आमटीतलं पाणी जास्त आणि डाळ कमी मिळते, हेही त्यात धरावं लागेल.

स्वस्ताईची मागणी करताना शेतकऱ्याचा विचारही सोडता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली गेली आणि मे २०२४ पर्यंत ती थांबलेलीच होती. शहरात कांदा आवाक्यात राहिला, त्याची किंमत नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाने मोजली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं गेलं. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं. मे २०२५ मध्ये शुल्क पुन्हा कमी झालं. तेलाच्या किमतीवरून घर आणि शेत असे समोरासमोर उभे राहतात, कारण देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. ज्या घराने तेल साडेसहा किलोंवरून सव्वातीनवर आणलं, त्या घराला किलोमागे वीस-पंचवीस रुपयांची वाढ सोसते, आणि सोयाबीनला भाव मिळू नये असं म्हणायची पाळी त्याच्यावर येत नाही.

आणि जिथे मुळात पैसाच पुरत नाही, तिथे काय? कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या चौघांच्या घराचा सरासरी अन्नखर्च महिना ७,८०० रुपयांच्या आतच येतो. त्यात ३,४०० रुपयांचं डाळ-दूध बसवणं अवघड, आणि सरासरीच्या खालच्या घरात अशक्य. प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. चौघांना २० किलो, म्हणजे ३० किलोंच्या गरजेतलं दोन तृतीयांश. धान्याचा प्रश्न त्याने बराच हलका झाला, पण डाळीचा तसाच राहिला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. घर काटकसरीने चालवणाऱ्याच बायका होत्या त्या. काटकसरीची हद्द कुठे संपते हे त्यांनाच नेमकं ठाऊक होतं. आजही ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत शिधापत्रिकेवर धान्याबरोबर डाळ मागायची असेल, तर वहीतला आकडा बरोबर न्यावा. घरात माणसं चार, महिन्याला डाळ लागते दहा किलो, आणता येते चार. उरलेले सहा किलो कुठून येणार, हे तिथे विचारावं.