मांजराच्या ताटलीत काय वाढाल?



शेळ्या-कोंबड्यांच्या खाण्याबद्दल आपण गटाच्या बैठकीत तासन्‌तास बोलतो. पेंड कितीला आली, मका किती घालायचा, सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण धान्याच्या पोत्यांवर झोपणाऱ्या मांजराचा विषय कुणी काढत नाही. ते आपलं आपण बघून घेतं, असं आपण धरून चालतो.

हल्ली मात्र तालुक्याच्या दुकानांत मांजराच्या ओल्या खाद्याची छोटी पाकिटं टांगलेली दिसतात. सुट्टीला येणारी मुलं ती घेऊन येतात. मग बैठकीत प्रश्न निघतो, "ताई, हे द्यावं का? आमचं मांजर दूध-भाकरीवर वाढलंय, त्याला या थेरांची काय गरज?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पाकिटाच्या किमतीपासून नाही, मांजराच्या पोटापासून सुरू करायला हवं.

मांजर हा मांसावर जगणारा प्राणी आहे. कुत्रा भाकरी पचवून निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो. तो मुख्यतः मांस-मासळीतून मिळतो. भाकरीत, भातात, डाळीत तो नसतो, आणि मांजराचं शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ साली टॉरिनची कमतरता आणि मांजरांचा हृदयरोग यांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं.

मग आपलं दूध-भाकरीवरचं मांजर इतकी वर्षं जगलं कसं? सोपं आहे. दूध-भाकर आपण घालत होतो, पण पोट ते बाहेर भरत होतं. उंदीर, पाल, चिमणी, नाकतोडा. आपण वाढलेलं ते त्याचं वरचं खाणं होतं. आता विचार करा, मांजर म्हातारं झालं, शिकार जमेना. किंवा कुत्र्यांच्या भीतीनं ते घरातच कोंडलेलं राहतं. किंवा गल्लीत सगळ्यांनी उंदराचं औषध टाकलं, म्हणून तुम्ही त्याला बाहेर सोडत नाही. मग त्याच्या पोटात फक्त भाकरी जाते. दिसायला पोट भरलेलं, पण आतून उपाशी.

दुसरी गोष्ट पाण्याची. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांना तहान कमी लागते, कारण पाणी शिकारीतूनच मिळायचं. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे मांजराचं मूळचं ओलं अन्न म्हणजे उंदीरच! पाकिटातल्या ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. कोरड्या दाण्यांच्या खाद्यात मात्र फक्त १० टक्क्यांच्या आसपास. नुसत्या कोरड्यावर ठेवलेलं मांजर वाटीतलं पाणी पिऊन ती तूट पुरती भरून काढत नाही. लघवी घट्ट होते.

याचा त्रास बोक्यांना जास्त. त्यांचा लघवीचा मार्ग अरुंद असतो, तो खड्यांनी किंवा गाळानं बंद होऊ शकतो. बोका पुन्हापुन्हा मातीत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, पण लघवीचा थेंब येत नाही. आपल्याला वाटतं, पोट साफ होत नाही, म्हणून आपण तेल पाजतो. मैत्रिणींनो, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका. मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून विचारा.

आता दुधाचं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण आवडलं म्हणून मानवलं असं नाही. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. चमचाभर दिलं आणि त्रास झाला नाही तर ठीक. पण दूध म्हणजे मांजराचं जेवण नव्हे, आणि पाण्याऐवजी दूध तर नाहीच.

मग ओलं अन्न निवडायचं कसं? मी घरांचे तीन प्रकार करते. तुमचं घर कुठलं ते तुम्हीच ओळखा.

पहिलं घर, जिथलं मांजर अजून शिवारात शिकार करतं. त्याला पाकिटाची गरज नाही. स्वच्छ पाण्याची वाटी रोज भरा आणि थोडं मांसाहारी खाणं द्या, म्हणजे ते घर धरून राहील. एक मात्र पाळा, त्या घरात उंदराचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही जाऊ शकतं.

दुसरं घर, जिथे आठवड्याला मटण-मासळी शिजते. इथे ओलं अन्न घरीच होतं, पण कालवणातलं उष्टं देऊन नव्हे. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजराला विषासारखा आहे. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून फोडणीच्या आधीच मांजराचा वाटा वेगळा काढा. मीठ, तिखट, हळद काही नको. नुसत्या पाण्यात शिजवा. शिजवलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. तेच पाणी कोमट करून खाण्यावर ओता, म्हणजे पाणीही पोटात जाईल.

मांस घेताना कोंबडीच्या छातीपेक्षा तंगडीचं आणि हृदयाचं मांस चांगलं, त्यात टॉरिन जास्त असतं. कलेजी थोडी, आठवड्यातून एखाद-दोन वेळाच, कारण ती जास्त झाली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. मासा कच्चा घालू नका. काही माशांत असा घटक असतो की तो ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. शिजवल्यावर तो धोका जातो. काटे काढा, किंवा लहान मासा कुकरला इतका मऊ करा की काटा बोटांनी चुरगळेल. शिजलेलं कोंबडीचं हाड कधीच नको, त्याचे टोकदार तुकडे होतात. सुकट आणि सुके बोंबील मांजराला फार आवडतात, पण बाजारातला सुका माल बहुतेक खारवलेला असतो. तो रोजचा घास नव्हे.

आणि लक्षात ठेवा, नुसतं मांस म्हणजे पूर्ण आहार नाही. त्यात कॅल्शियम कमी असतं. वाढत्या पिल्लाची हाडं त्यानं कच्ची राहतात. म्हणून पिल्लू आणि गाभण किंवा पाजती मांजरी यांना तयार पूर्ण खाद्याची जोड द्यावी.

तिसरं घर माळकऱ्यांचं. या घरांतल्या बायका मला हळूच विचारतात, "आमच्या चुलीवर मांस चढत नाही, मग मांजराचं काय?" मी म्हणते, माळ आपण घातली, मांजरानं नाही घातली. त्याला आपल्या नेमात बसवलं तर त्याचे डोळे जातील. पाकिटाचा खरा उपयोग अशाच घराला आहे. त्यातही मांस-मासळीच असते, हे लपवायचं कारण नाही. पण ते शिजवावं लागत नाही, आपलं भांडं लागत नाही. ओसरीवर मांजराची ताटली वेगळी, चमचा वेगळा. ज्यांना एवढंही चालत नसेल, त्यांनी मांजर कोंडून ठेवू नये. शिकार तरी करू द्यावी.

आता पाकीट निवडताना काय बघायचं? अक्षरं इंग्रजीत असतात, घरातल्या शाळकरी मुलीला वाचायला बसवा.

पहिलं, ते मांजराचंच आहे ना? कुत्र्याचं खाद्य मांजराला रोज चालत नाही. दुसरं, त्यावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलंय का? म्हणजे तो पूर्ण आहार. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर तो नुसता खाऊ. तिसरं, 'किटन' म्हणजे पिल्लासाठी, 'अॅडल्ट' म्हणजे मोठ्यासाठी. चौथं, घटकांच्या यादीत सुरुवातीला मांस किंवा मासळी आहे का, आणि टॉरिनचं नाव आहे का. पाचवं, शेवटची तारीख. फुगलेलं पाकीट घेऊ नका.

एक हिशोब सांगते. ओल्या पाकिटावर प्रोटीन ८ टक्के असतं, कोरड्यावर ३०. आपल्याला वाटतं, कोरडंच भारी! पण पाणी बाजूला काढा. ओल्या १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅम पाणी असेल, तर उरले २०. त्यात ८ प्रोटीन, म्हणजे शंभराला ४०. कोरड्यात १० ग्रॅम पाणी गेलं, उरले ९०. त्यात ३०, म्हणजे शंभराला ३३. ओलंच सरस निघालं. अमेरिकी प्रमाणात मोठ्या मांजरासाठी शंभराला किमान २६ धरलेत. वही-पेन्सिल घ्या आणि करून बघा. गटाचं व्याज काढणाऱ्या बायकांना हे अवघड नाही.

खर्चाचंही बोलू. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. ८०-८५ ग्रॅमच्या पाकिटात बहुधा ६० ते ८० असतात. म्हणजे नुसत्या पाकिटांवर ठेवायचं तर रोजची तीन-चार. पाकीट ४० रुपयांना धरलं तरी महिन्याला साडेतीन हजारांच्या वर! ते आपल्याला झेपणारं नाही, आणि गरजही नाही. पूर्ण आहाराचं कोरडं खाद्य घ्या, ते स्वस्त पडतं. देताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, की ओलं अन्न तयार. त्यावर पाकिटातला चमचा-दोन चमचे घातलं की वासानं मांजर येतं. नवं खाणं एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळा.

उघडलेलं पाकीट झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फ्रीज नसेल तर लहान पाकीट आणून एका दिवसात दोन मांजरांत वाटा. उन्हाळ्यात ओलं खाणं ताटलीत तासाभराच्या वर ठेवू नका. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवायची, ते तुम्हाला सांगायला नको. आणि मांजरानं दोन दिवस तोंडच लावलं नाही तर रुसलंय म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्या घरातली तापाची गोळी त्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे.

गरोदर बहिणींनी एवढं पाळावं. मांजराची घाण दुसऱ्या कुणी काढावी, कच्चं मांस हाताळलं की साबणानं हात धुवावेत. मांजराला कच्चं मांस न घालण्याचं हेही एक कारण आहे. त्यातून येणारा एक जंतू पोटातल्या बाळाला बाधू शकतो. पण म्हणून मांजर हाकलून द्यायची गरज नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एकच गोष्ट बघून यावी. आपलं मांजर दिवसभरात काय काय खातं, आणि पाणी कुठे पितं. घरची असो की पाकिटातली, त्याच्या ताटलीत मांस-मासळी आणि पाणी या दोन्ही गोष्टी पडतात का, एवढं तपासा. पाकिटं आणायचीच ठरली तर पाच-सहा जणींनी मिळून मोठा डबा आणा. जास्त घेतलं की दुकानदाराशी भाव करता येतो, आणि भाव करणं तर आपल्याला चांगलंच येतं.