भुलीचा वायु जातो कुठे?



भुलीवर डॉक्टरांनी बोलावे, कामगार चळवळीतल्या माणसाने नव्हे, असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. आम्ही या विषयात शिरलो ते शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या दाराने. एका रुग्णालयातल्या परिचारिका व वॉर्डबॉय तक्रार घेऊन आले, की दुपारपर्यंत डोके जड होते. जाऊन पाहतो तो भुलीच्या यंत्रातला उरलेला वायु बाहेर नेणारी नळीच फाटलेली! रोगी तो वायु तासभर घेई. ही माणसे वर्षानुवर्षे घेत होती. पुष्कळ खेटे घातल्यावर नवी नळी बसली. आम्ही पेढे वाटले.

नळीचे दुसरे तोंड कोठे उघडते, हे मात्र आम्ही विचारले नाही. ते गच्चीवर उघडत होते.

१८४६ साली बोस्टनला मॉर्टनने ईथर हुंगवले, तेव्हापासून माणसाची केवढी वेदना टळली! पण हुंगवलेली भूल शरीरात फारशी खर्च होत नाही. डेसफ्लुरेन तर जवळजवळ सारेच श्वासावाटे परत येते, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडतो. म्हणून स्कॉटलंडने २०२३ साली ते बंद केले. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय दृष्ट्या दुसरा इलाजच नसेल तरच ते वापरता येते. सेव्होफ्लुरेन त्या मानाने पुष्कळ सौम्य. यंत्रातला प्रवाह कमी ठेवून, चुन्याच्या डब्यातून श्वास गाळून तोच वायु फिरवला, तर तेही थोडेच लागते. शिरेतून देण्याची भूल आहे, नुसता हात वा पाय बधिर करण्याची सोय आहे. पण काटकसरीसाठी गरिबाच्या झोपेला कात्री लागणार असेल, तर आमचा विरोध आताच नोंदवून ठेवावा.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट निराळी. तो हवेत शतकभर टिकतो, आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांत हिशेब घेतला तेव्हा बराचसा वायु रोग्यापर्यंत पोचतच नाही, भिंतीतल्या नळांतूनच गळतो, असे दिसले. तिथे आता नळ बंद करून यंत्रालाच लहान सिलिंडर लावू लागले आहेत. किती सिलिंडर आले आणि किती वायु रोग्यांना दिला, एवढी वजाबाकी केली की गळती कळते. आमच्या त्या रुग्णालयातला सिलिंडर बदलणारा गडी ही वजाबाकी तोंडी करतो. त्याला समितीवर घ्यावे असा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात दिला आहे. उत्तर यायचे आहे.